जावयाची झोप आणि विणेचा पहारा

चांदे गावच्या भिवाजीला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या. एक कीर्तनाची गोडी आणि दुसरी जीभ. अक्कल वाटायची वेळ आली तेव्हा हा माणूस कुठल्यातरी मांडवात सतरंज्या अंथरत असणार, असं त्याची बायको धोंडाबाई म्हणायची. जन्मभर भिवाजीनं ते हसण्यावारी नेलं. यंदाच्या चैत्रातल्या सप्ताहानंतर मात्र तो स्वतःच लोकांना सांगत सुटलाय, की आमच्या मंडळींचं म्हणणं खरं हाय, मला फकस्त उशिरानं कळालं.

सप्ताह म्हणजे मारुतीच्या देवळापुढं मांडव. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ आणि मग कीर्तन. आणि या सगळ्याच्या मधोमध विणा. सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही. सतत कुणाच्या तरी गळ्यात असायची, आणि तो कुणीतरी उभा असायचा. एकाचे पाय भरून आले की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, विणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. याला पहारा म्हणतात. कुणाचा पहारा कधी, हे ठरवायचा मान भिवाजीकडं होता. तो मान भिवाजी असा मिरवायचा, की जणू मारुतीराय त्याच्याकडं हजेरी लावूनच द्रोणागिरी आणायला निघाले होते.

दुसरा एक मान त्याचा त्यानंच घेतलेला. कीर्तनात कुणाला डुलकी लागली की भिवाजी बुक्क्याची डबी घेऊन दबक्या पावलानं जायचा आणि त्या माणसाच्या कपाळाला बुक्का लावायचा. लावायचा म्हणजे अंगठ्यानं असा दाबायचा, की माणूस ‘पांडुरंग!’ करत ताठ बसायचा. झोप म्हणजे कलीचा शिरकाव, असं त्याचं ठाम मत. तो स्वतः कीर्तनाच्या उत्तररंगात खांबाला टेकून डोळे मिटायचा ते मात्र ध्यान. त्या ध्यानात घोरण्याचा आवाज यायचा, पण तो तालात असायचा म्हणून कुणी बोलत नसे.

अशा माणसाला जावई मिळाला फौजी.

शैलेश मूळचा साताऱ्याकडचा, माणदेशातला. फौजेत गाडी चालवायचा, तीही तिकडं वर डोंगरात, जिथं रस्त्याच्या एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला नुसतं आभाळ. भिवाजीची लेक गौतमी लवळ्याला कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, म्हणून ती माहेरीच राहायची, आणि जावई सुट्टीला आला की चांद्यालाच यायचा. यंदा तो आला तो नेमका सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी. भिवाजीला वाटलं, देवानंच धाडला.

एसटीतून उतरला तेव्हा शैलेशचे डोळे खोल गेलेले होते, त्याखाली काळं पडलेलं. भिवाजीनं ते बघितलं आणि त्याची छाती फुगली. शेजारच्याला कोपरखळी मारून म्हणाला, "बघितलंस? जागून जागून काय झालंय! ह्याला म्हणत्यात देशसेवा."

"मामा, घरी जाऊ या का?" शैलेश म्हणाला.

"जाऊ की. वाईच देवळावरनं. आन मग शाळेवरनं."

सासरवाडीत जावई हा माणूस नसतो, मूर्ती असते. नेईल तिथं जायचं, बसवील तिथं बसायचं, समोर येईल तो नैवेद्य संपवायचा. शैलेशला शाळेत पोरांपुढं उभं केलं. नव्या व्यायामशाळेची फीत कापायला नेलं. भावकीतल्या घरोघरी जेवणं झाली. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या, आणि प्रत्येक घरी ‘जावईबापू, एवढी एकच पोळी’ म्हणत तीन. आणि प्रत्येक ठिकाणी भिवाजीचं भाषण.

"आमचं जावई म्हंजे साधं न्हाईत! चार-चार रात्री डोळ्याला डोळा लावत न्हाईत. तुमी हितं फॅन लावून घोरता, ते कुणाच्या जिवावर?"

टाळ्या पडायच्या. शैलेश आपल्या बुटांकडं बघत बसायचा. भिवाजीला वाटायचं, पोरगा इनयशील हाय.

धोंडाबाई एकदा म्हणाली, "अवो, जरा पडू द्या की त्यास्नी. चेहरा बघा, उतरलाय."

"अगं, फौजी हायेत त्ये. झोपायची सवयच न्हाई. उगं पडले तर आजारी पडतील."

हे वाक्य भिवाजीनं पूर्ण गंभीरपणे म्हटलं होतं. आता आठवलं की तो स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला हात उचलतो, आणि मग डोकं खाजवतो.

पहाऱ्यांमध्ये दुपारचा पहारा कुणालाच नको असतो. पंगत उठलेली, पोटात लापशी, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि हातात विणा. भल्याभल्यांचे गुडघे तिथं लटपटतात. भिवाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जो माणूस बर्फात पहारा करतो त्याला आपल्या मांडवातला पहारा म्हणजे खेळ! त्यानं शैलेशला विचारलंही नाही. थेट माईकवरून जाहीर केलं, "दुपारचा पहारा आमचं जावई करतील, सातही दिवस!"

"मामा, मला जरा..." शैलेश नंतर म्हणाला.

"जरा काय?"

शैलेशनं सासऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला. "काही नाही," तो म्हणाला.

दोन दिवस त्यानं पहारा केला. ताठ, जसा फौजी उभा राहतो तसा. भिवाजी बाहेरगावच्या पाहुण्यांना मुद्दाम दुपारी बोलवायचा, जावई दाखवायला. तिसऱ्या दिवशी तो असाच कोळवणच्या एका पाहुण्याला खांबाशी बसून सांगत होता, की आमच्याकडं बघा कसा जिवंत पुतळा हाय, आणि तेवढ्यात विणेचा सूर थांबला.

भिवाजीनं वर बघितलं. शैलेशचे डोळे मिटलेले होते. तो उभ्यानंच झोपला होता, आणि एखादं झाड कलावं तसा पुढं कलत होता. विणेचा भोपळा जमिनीकडं निघाला होता.

भिवाजीनं झेप घेतली. या वयात, धोतरात, तशी झेप त्यानं कबड्डीतसुद्धा घेतली नसेल. आणि जावयाच्या गळ्यातून घसरलेली विणा त्यानं दोन्ही हातांनी झेलली.

विणा वाचली. जावई पडला.

सतरंजीवर धप्प आवाज झाला. पडता पडता शैलेश ओरडला, "ब्रेक! ब्रेक!" आणि मग उठून बसला, भेदरलेला, हात पुढं धरून, जणू काहीतरी गोल वस्तू त्या हातांत होती. मांडवातल्या बायका हसल्या, पोरं हसली, आणि भिवाजीनं, ज्याला वेळेवर गप्प बसणं जन्मात जमलं नाही, विणा एका काखेत धरून खिशातून डबी काढली आणि जावयाच्या कपाळावर बुक्का दाबला.

"जावईबापू! सीमेवर हेच चालतंय व्हय?"

आणखी हशा. शैलेशही हसला, एक सलाम ठोकला, आणि मांडवातून निघून गेला. भिवाजीनं विणा दुसऱ्या एकाच्या गळ्यात घातली आणि पाहुण्याला म्हणाला, "गंमत केली हो. मोकळं वातावरण हाय आमच्यात."

घरी गौतमी ओट्याशी उभी होती. ती आज रजेवर होती. बापाची चाहूल लागली तशी ती वळली, आणि भिवाजीला कळलं, की वातावरण तेवढं मोकळं नाही.

"आबा, तुमी त्यांच्या कपाळाला बुक्का दाबला?"

"अगं, समद्यांनाच दाबतो की."

"झोपले म्हणून?"

"पहाऱ्यावर झोपले, गौतमे. विणा पडली असती."

"आन ते पडले त्याचं काय?"

भिवाजीनं आपल्या हातांकडं बघितलं. त्यानं विणा धरली होती. दोन हात होते, आणि दोन्ही विणेकडं गेले होते.

गौतमीनं दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. आधी बापाकडून मारुतीची शपथ घेतली, की यातलं एक अक्षर बाहेर जाणार नाही. तिकडं शैलेशच्या जोडीचा ड्रायव्हर आजारी पडला होता. त्याच्या जागी कुणी आलं नाही. मग दोघांच्या फेऱ्या शैलेश एकटाच मारायला लागला. मीच जातो, मला जमतंय, म्हणायचा. झोप कधी गाडीत, कधी बाकड्यावर, कधी नाहीच. आणि एका वळणावर डोळा लागला. पापणी मिटून उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. गाडी कठड्याला घासत गेली आणि थांबली. एक चाक कड्याबाहेर. मागं चार पोरं बसलेली.

"कुणाला काही झालं न्हाई," गौतमी म्हणाली. "पण डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, दारू प्यालेला ड्रायव्हर आन न झोपलेला ड्रायव्हर मला सारखेच. घरी जा, झोप, आन मग ये. आल्यावर तपासणी हाय. झोप नीट बसल्याशिवाय स्टेअरिंग न्हाई द्यायचे. द्यायलाच नको, आबा. मलाच नको."

"मग सांगायचं की त्यांनी!"

"कुणाला सांगतील? एसटीतून उतरल्यापासनं तुमी गावाला सांगताय, की आमचं जावई झोपत न्हाईत."

भिवाजी मटकन् पाटावर बसला. शाळेतल्या टाळ्या त्याला आठवल्या, आणि त्या आता कानफटात बसल्यासारख्या वाजल्या. जो आजार घेऊन पोरगा घरी आला, त्याच आजाराची आपण गावभर मिरवणूक काढली. वर हार घातले.

इथून पुढं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण भिवाजीला चूक कळली, की ती सुधारायचा उत्साहही तसाच दांडगा. त्यानं ठरवलं, आता जावयाला झोपवायचंच. सप्ताहातला घराकडं तोंड असलेला कर्णा त्यानं स्वतः लिंबावर चढून शेताकडं फिरवला. उतरताना धोतर फांदीला अडकलं, ते सोडवायला पोरांना हाका मारल्या, आणि त्या हाकांनीच निम्मी आळी जागी झाली. भावकीतली जेवणं रद्द केली. विचारलं कुणी तर म्हणायचा, "पोट बिघडलंय." कुणाचं, ते सांगायचा नाही, त्यामुळं लोक त्यालाच ओवा आणून द्यायला लागले. कोंबडा टोपलीखाली झाकला. गिरणीवाल्याला हात जोडून दुपारची गिरणी बंद ठेवायला लावली.

तरी जावई आढ्याकडं बघत पडलेला.

मग भिवाजीला दयानंदची आठवण झाली. दयानंद हा वरच्या खोलीतला भाडेकरू, लातूरकडचा. हिंजवडीत रात्रपाळीला जायचा आणि दिवसा झोपायचा. खिडक्यांना त्यानं काळा कागद लावलेला. भिवाजी त्याला वटवाघूळ म्हणायचा, आणि देवळातला प्रसाद द्यायला भर दुपारी त्याचं दार बडवायचा, पोराला पुण्य लागावं म्हणून. आज पहिल्यांदा त्यानं ते दार नखानं वाजवलं.

दयानंद डोळे चोळत बाहेर आला. "काका, आज प्रसाद आहे?"

"न्हाई रे बाबा. आज मीच मागाय आलोय. तुझी खोली पायजे. जावयाला झोपवायचंय."

दयानंदनं त्याच्याकडं असं बघितलं, की जणू गावच्या बोक्यानं उंदरांसाठी वर्गणी मागितली. पण पोरगा गुणाचा. उशी उचलली, म्हणाला, "मी खाली बाजेवर पडतो. त्यांना म्हणावं मोबाईल बाहेर ठेवा, चहा दुपारनंतर नको. आणि काका..."

"बोल की."

"तुम्हीही बाहेरच थांबा. लांब."

शैलेश अंधाऱ्या खोलीत गेला. भिवाजी जिन्यात काठी घेऊन बसला. कुणी आलं की बोट ओठांवर. वर आलेल्या मांजराला तो म्हणाला, "शूऽऽ, जावई झोपलेत!" खालून येणाऱ्या धोंडाबाईला म्हणाला, "शूऽऽ!" रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याला म्हणाला, "शूऽऽ!"

"अवो," धोंडाबाई म्हणाली, "तुमची कुजबूज कोळवणापत्तूर जातीया."

थोड्या वेळानं शैलेश दार उघडून बाहेर आला. डोळे तसेच. तो येऊन जिन्यात सासऱ्याशेजारी बसला.

"न्हाई लागली?"

"नाही, मामा. तुमचा दोष नाही." आणि मग, सुट्टीला आल्यापासून पहिल्यांदा, तो आपण होऊन बोलला. "गौतमीनं सांगितलंय तुम्हाला, मला माहीत आहे. तुम्ही कोंबडा झाकला तेव्हाच कळलं. पण खरं सांगू का? शांत झालं ना सगळं, की मी जास्त जागा होतो. तिकडं शांत झालं की कान उभे राहतात. वाटतं, आता कुणाचंच लक्ष नाही, आता आपणच बघायला पाहिजे. डोळा मिटला की वळण दिसतं."

भिवाजीकडं प्रत्येक गोष्टीला एक दृष्टांत असतो. इथं एकही आठवेना. त्यानं जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथंच राहिला, कारण उचलून कुठं ठेवावा ते त्याला सुचत नव्हतं.

दुपारच्या पहाऱ्याला आता माणूस नव्हता. ज्याला त्याला कामं निघाली होती. भिवाजी म्हणाला, आपण केलेली माती आपणच उचलावी, आणि दुसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर विणा स्वतःच्या गळ्यात घालून घेतली. मांडव ओस होता. दोन म्हातारे टाळकरी बसून सावकाश नाम घेत होते. पत्रा तापलेला. भिवाजीचे गुडघे पहिल्या घटकेलाच कुरकुरायला लागले. आपण हे सातही दिवस जावयावर टाकलं होतं, हे त्याला गुडघ्यातून कळत गेलं. अक्कल कुठूनही येते.

शैलेश मांडवात आला.

"मामा, पहारा माझा होता."

"होता. आता माझा हाय."

"मी इथं बसू?"

"बसा की. देवाचा मांडव हाय."

शैलेश खांबाला टेकून बसला. वर बघून सासऱ्याला न्याहाळत राहिला, पाय, हात, विणेचा पट्टा, जसा हवालदार पहाऱ्यावरच्या शिपायाला न्याहाळतो तसा.

"कुठवर आहात तुम्ही?"

"पुढचा येईस्तोवर."

"आणि नाही आला तर?"

"मग मीच. विणा खाली ठेवत न्हाईत, जावईबापू. कुणी ना कुणी उभा असतोच."

"झोप आली तुम्हाला तर?"

"ह्या गुडघ्यांवर? आज शक्य न्हाई."

शैलेशला हसू आलं. टाळ वाजत होते, सावकाश, एकसारखे. नाम चाललं होतं. त्यानं डोकं खांबाला टेकवलं. एकदा डोळे उघडून बघितलं, सासरा उभा होता. पुन्हा एकदा बघितलं, सासरा उभाच होता. तिसऱ्यांदा त्यानं बघितलं नाही. हळूहळू तो बाजूला घसरला, सतरंजीवर आडवा झाला, आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं उघडलं.

भिवाजीला ओरडून गावाला सांगावंसं वाटलं. त्यानं जीभ दाताखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदा ती तिथं राहिली.

पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला. भिवाजीनं भुवयांनी त्याला परत पाठवलं. न जाणो, मधेच डोळा उघडला आणि दुसराच कुणी उभा दिसला तर? मग लोक जमायला लागले, प्रवचनाची वेळ झाली, आणि कोंडाजी महाराज आले. कोंडाजी महाराज म्हणजे पंचक्रोशीतले मोठे कीर्तनकार, पोट पुढं आणि थट्टा त्याच्याही पुढं. पहिल्या रांगेत झोपलेल्या माणसाला त्यांनी कधी मोकळं सोडलं नव्हतं, आणि भिवाजी त्यांचा उजवा हात.

माईकवाल्यानं ‘हॅलो, हॅलो’ केलं. भिवाजीनं जावयाकडं बघितलं. शैलेश हलला नाही. पण महाराज बोलायला उभे राहिले तसे रिवाजाप्रमाणं टाळ थांबले. सगळं शांत झालं.

शैलेशच्या पापण्या थरथरल्या. उजवा हात सतरंजीवर काहीतरी चाचपायला लागला.

"रामकृष्ण हरी!" भिवाजी ओरडला. एकटाच, बेसूर. "रामकृष्ण हरी! अरे वाजवा की! टाळ का थांबवलं?"

टाळकरी गोंधळले, पण वाजवायला लागले. शैलेशचा हात सैल पडला. महाराजांनी चष्मा खाली घेऊन आधी भिवाजीकडं बघितलं, मग सतरंजीकडं.

"काय भिवाजी? पुढच्या रांगेत भक्त घोरतोय, आणि तुझी डबी कुठं गेली?"

मांडव खिदळला. कुणी मागून म्हणालं, "फौजी हायेत, महाराज! परवा बी पडले!" भिवाजीच्या तोंडापर्यंत सगळी हकिगत आली. कडा, चाक, चार पोरं. ती सांगितली असती तर मांडव रडला असता, जावयाची मान उंच झाली असती, आणि भिवाजीची त्याहून. पण जावयानं ती स्वतःजवळ ठेवली होती. आणि शपथ होती.

"महाराज," तो म्हणाला, "डबी आज घरी हाय. पुढं बी घरीच ऱ्हाईल. मी मूर्ख माणूस. लोकांस्नी जागं करत फिरलो, माझा जन्म गेला. ह्येंच्या वाटचा आज मी उभा हाय. तुमी काय बोलायचं ते बोला, पण टाळ थांबवू नका. टाळ थांबला की त्ये उठत्यात."

महाराजांनी चष्मा पुन्हा वर चढवला. थट्टेखोर माणसाला दुसऱ्याच्या घशातला हुंदका बरोबर ऐकू येतो. त्यांनी टाळकऱ्यांना खूण केली, हळू वाजवा, पण वाजवा. आणि त्या टाळांवरच बोलायला लागले.

"मंडळी, विणा सात दिवस जागते म्हणून आपण तिच्या पाया पडतो. पण ती जागते कशी? रोज कुणीतरी ती गळ्यातून काढून घरी झोपायला जातो, म्हणून! खाली ठेवायची नाही, बरोबर आहे. पण काढायची असते. दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असते. मीच सात दिवस उभा राहतो म्हणणारा भक्त नव्हे, हट्टी. तो चौथ्या दिवशी विणेसकट पडायचा. देव सुद्धा शेजारतीला झोपतात, आणि आपण देवापेक्षा मोठे?" मग भिवाजीकडं वळून म्हणाले, "आता तू पण दे की, हट्ट्या. मघापासनं बघतोय, पाय थरथरतायत."

पुढचा माणूस आला. दोघं एकमेकांच्या पाया पडले. म्हणजे भिवाजी पडला तो उठेचना. तसाच सरकत जावयाशेजारी जाऊन टेकला, म्हणाला, वाईच बसतो.

त्यानंतरचं त्याला धोंडाबाईनं सांगितलं. प्रवचन संपलं, टाळ चालू राहिले, हरिपाठाला गर्दी झाली, आणि सासरा-जावई पुढच्या रांगेत शेजारी शेजारी झोपलेले. एक शांत, एक तालात. हरिपाठ संपता संपता जावई जागा झाला. बघितलं तर सासऱ्याचं डोकं त्याच्या दंडावर. गौतमीनं बापाला उठवायला हात पुढं केला, तर शैलेशनं मान हलवली.

"राहू दे. थकलेत."

राहिलेले दिवस शैलेश दुपारी मांडवात झोपला आणि पुढं घरीही झोपायला लागला. सगळ्या रात्री सारख्या गेल्या असं नाही. मधेच दचकून बसायचाही. पण सुट्टी संपून एसटीत बसला तेव्हा डोळ्यांखालचं काळं विरलं होतं. भिवाजीनं त्याला निरोप देताना भाषण केलं नाही. तोंड उघडलं होतं, पण धोंडाबाई शेजारीच उभी होती.

बरेच दिवस फोन नुसता खुशालीचा. तपासणीचं शैलेश काही बोलेना, आणि विचारायची भिवाजीची छाती होईना. मग एक दिवस भिवाजी अंगणात चहा पीत असताना फोन वाजला. गौतमीनं तो मोठ्या आवाजावर लावला.

"मामा, डॉक्टरसाहेबांनी पास केलं. गाडी मिळाली."

भिवाजीनं कपाळाला हात लावला. "पांडुरंगा!"

"आणि अजून एक. माझ्या जोडीचा पुन्हा सुट्टीवर चालला होता. साहेब म्हणाले, तुला जमेल ना दोन्ही? मी म्हणालो, नाही साहेब, नाही जमणार. दुसरा माणूस द्या."

"मग?"

"दिला. मागितल्यावर दिला, मामा. मी आधी कधी मागितलाच नव्हता. आणि आता बाहेर पहाऱ्याला संत्री उभा असतो ना, तो त्याच्या कामावर आहे असं म्हणून मी झोपतो. लागते झोप. रोज नाही, पण लागते."

गौतमीनं पदरानं डोळे पुसले. भिवाजीला एवढंच सुचलं,

"मग ठेवा फोन, जावईबापू. ठेवा आन झोपा!"

"अवो, सकाळचे दहा वाजल्यात!" धोंडाबाई आतून ओरडली. "त्यांची ड्युटीची वेळ हाय!"